बुद्धाचे शिर आणि कामगाराचे हात

ठाकुरद्वार आणि भुलेश्वर यांच्या दरम्यान वसलेल्या फणसवाडीत रात्री नऊच्या सुमारास दुकानांची शटरे खाली ओढली जातात. सकाळी दुकान उघडल्यापासून उभा असलेला गुमास्ता त्या वेळी शेवटचे ठाण घडी करून फळीवर ठेवतो आणि चर्नी रोड स्थानकाच्या दिशेने चालू लागतो. वाटेवरच्या एखाद्या शोभिवंत वस्तूंच्या दुकानात काचेआड त्याला बुद्ध दिसतो. बुद्ध म्हणजे केवळ बुद्धाचे शिर. मिटलेले डोळे, लांब कान, ओठांवर मंद स्मित. मानेखाली काहीही नाही. थोडे पुढे गेल्यावर भिंतीवर एखाद्या ध्यानवर्गाची जाहिरात असते: नवशिक्यांसाठी, शनिवार-रविवारी, मन शांत ठेवण्याची कला, शुल्क अमुक इतके. दिवसाचे दहा-अकरा तास उभ्याने काढलेल्या त्या माणसाच्या पायांविषयी त्या जाहिरातीत अक्षरही नसते.

हे शिर आणि ही जाहिरात यांच्यात एक नाते आहे. दोन्ही ठिकाणी एका अखंड वस्तूचे तुकडे करण्यात आले आहेत आणि त्यांतील जो तुकडा विकला जाऊ शकतो, तेवढाच बाजारात आणलेला आहे. मूर्तीचे हात वगळून शिर घेतले गेले. धम्मातील उपजीविकेचा, वेतनाचा, मालक-नोकर संबंधांचा भाग वगळून ध्यान घेतले गेले. भांडवलशाहीने आजवर पुष्कळ गोष्टींचा क्रयवस्तू म्हणून उपयोग केला; तेव्हा बुद्धाच्या वाट्याला तेच यावे यात नवल नाही. नवल आहे ते याचे, की ज्यांनी या व्यवहारास हरकत घ्यायची त्या डाव्या विचारांच्या मंडळींनी ‘धर्म म्हणजे अफू’ एवढे एक वाक्य उच्चारून या विषयाकडे पाठ फिरवावी. परिणामी बुद्ध दुकानदाराच्या हाती गेला आणि शिकू इच्छिणाऱ्या सामान्य माणसाला शिकवणारा दुकानदारच तेवढा उरला.

गिरगावातील दोन जागा

ही तक्रार फणसवाडीच्या निमित्ताने करण्यास कारण आहे. या वाडीच्या आसपासच्या जागांतून आधुनिक महाराष्ट्रातील बौद्ध शिक्षणाच्या दोन महत्त्वाच्या धारा वाहत गेल्या, आणि त्यांपैकी एकीचाही उगम दुकानात नव्हता.

फणसवाडीतून पश्चिमेस चालत गेले की चर्नी रोड स्थानकाजवळ एक बाग लागते. आज तिला स. का. पाटील उद्यान म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी विल्सन हायस्कूलमधील शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर या बागेत वाचावयास बसत. तेथेच नेमाने येऊन पुस्तक उघडणारा एक विद्यार्थी त्यांच्या नजरेस पडला. त्याला एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये प्रवेश होता, परंतु शेजारी बसण्याचा अधिकार होता असे म्हणता येत नाही. त्या विद्यार्थ्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. पुढे त्याच्या परीक्षेतील यशाबद्दल भरलेल्या सभेत केळुसकर गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेले, १८९८ साली प्रसिद्ध झालेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र भेट दिले. या पुस्तकाने आपल्याला बुद्धाकडे वळवले, असे बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत कृतज्ञतेने नमूद केले आहे. शालेय विद्यार्थ्याच्या हाती पडलेले ते पुस्तक आणि १४ ऑक्टोबर १९५६ चे नागपूर यांच्यामध्ये सुमारे पन्नास वर्षांचे अंतर आहे. नवशिक्याला दिलेले एक पुस्तक काय करू शकते याचा याहून मोठा दाखला महाराष्ट्राच्या इतिहासात शोधूनही सापडणार नाही.

दुसरी जागा फणसवाडीच्या दुसऱ्या बाजूस, भुलेश्वरनजीक आहे. तेथील पंचायती वाडीच्या धर्मशाळेत ३ जुलै १९६९ रोजी सत्यनारायण गोएंका यांचे भारतातील पहिले विपश्यना शिबिर सुरू झाले. साधक होते अवघे चौदा. मंडाले येथे जन्मलेले गोएंका व्यापारी होते. परंतु ज्या परंपरेतून ही साधना त्यांच्याकडे आली तिचा इतिहास व्यापाऱ्यांचा नव्हे. १८८५ साली इंग्रजांनी उत्तर ब्रह्मदेश गिळला, राजाश्रय संपला आणि त्यानंतरच्या काळात लेडी सयाडो या भिक्षूने साधनेचे शिक्षण विहाराबाहेर गृहस्थांपर्यंत नेले. त्यांचे शिष्य सया तेजी हे शेतकरी. तेजींचे शिष्य ऊ बा खिन हे कारकून म्हणून नोकरीस लागले आणि स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल झाले. या ऊ बा खिन यांच्याकडून गोएंका शिकले. म्हणजे भुलेश्वरच्या धर्मशाळेत पोचलेली ही विद्या शेतकरी व कारकून यांच्या हातून आलेली होती. गोएंकांच्या परंपरेतील शिबिरांस आजही शुल्क नाही, ती दानावर चालतात. तेथे आरंभी पंचशील घ्यावे लागते आणि एकाच दालनात सर्व जातींची माणसे बसतात. टीका करताना हे मान्य न करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. भिंतीवरच्या सशुल्क जाहिरातीला या शिबिराचे नाव पुढे करून स्वतःची प्रतिष्ठा वाढवता येणार नाही.

या दोन धारांना जोडणारा तिसरा माणूसही मुंबईनेच पाहिला. गोव्यातील सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ च्या अखेरीस घर सोडून ज्ञानाच्या शोधात निघाले. नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश हिंडून पाली शिकून आले. कलकत्त्याच्या विद्यापीठातील अधिक पगार सोडून, महाराष्ट्रात काम करता यावे म्हणून ते सयाजीराव गायकवाडांच्या दरमहा ५० रुपयांवर राहिले. ध्यानाविषयी मराठी वाचकासाठी त्यांनी १९२५ साली ‘समाधिमार्ग’ लिहिला. पण ध्यानावर पुस्तक लिहिणारा हा पंडित १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात उतरून तुरुंगात गेला आणि १९३७ साली त्याने परळच्या कामगारवस्तीत ‘बहुजन विहार’ उघडला. पैसा जुगलकिशोर बिर्लांचा होता. मात्र विहार कोठे असावा आणि कोणासाठी असावा, याचा निर्णय कोसंबींचा होता. समाधीवर लिहिणाऱ्याला गिरणीच्या भोंग्याच्या टापूत राहावेसे वाटले, यातच पुष्कळ काही आले.

आठ अंगांतील दोन

आता मूळ शिकवणुकीकडे यावे. सारनाथच्या पहिल्या उपदेशातील मार्गाला आठ अंगे आहेत: सम्यक् दृष्टी, सम्यक् संकल्प, सम्यक् वाचा, सम्यक् कर्मान्त, सम्यक् आजीव, सम्यक् व्यायाम, सम्यक् स्मृती आणि सम्यक् समाधी. बाजारातील ध्यानवर्ग यांतील शेवटची दोन शिकवतो. सातवे आणि आठवे घ्यावे, पाचव्याची आठवणही काढू नये, असा हा अभ्यासक्रम आहे.

हे पाचवे अंग, सम्यक् आजीव, म्हणजे पोट कसे भरावे याचा विचार. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष या पाच वस्तूंचा व्यापार गृहस्थाने करू नये असे अंगुत्तरनिकायात सांगितले आहे. ‘प्राणी’ या शब्दात माणसांचाही समावेश होतो. गुलामांचा व्यापार तेथे निषिद्ध ठरतो. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त तर गृहस्थाच्या कर्तव्यांची संहिताच आहे. त्यात मालकाची नोकरांप्रती पाच कर्तव्ये मोजली आहेत: शक्ती पाहून काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे आणि योग्य वेळी सुटी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या उपदेशपरंपरेत आलेली ही यादी आजच्या एखाद्या कामगार संघटनेने मागणीपत्रक म्हणून मालकासमोर ठेवली, तर तिच्यातील एकही कलम शिळे वाटणार नाही.

त्याच दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात राजाला सल्ला मिळतो की चोऱ्या दंडाने थांबत नसतात. शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि नोकराला वेतन दे. चक्कवत्ति सीहनाद सुत्तात निर्धनांना धन न दिल्यामुळे दारिद्र्य, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र आणि शस्त्रातून हत्या, अशी कारणपरंपरा मांडली आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी गावची गोष्ट येते. एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला. तो शोधून, उपाशीपोटी, उशिरा सभेस पोचला. तोवर बुद्धाने उपदेशास आरंभच केला नव्हता. शेतकरी आल्यावर बुद्धाने आधी त्याला जेवू घालण्यास सांगितले आणि मगच धम्म सांगितला. भिक्षूंना याचे आश्चर्य वाटले, तेव्हा भुकेसारखा रोग नाही असे त्यांना उत्तर मिळाले.

ज्या गुरूने भुकेल्यापुढे प्रवचन थांबवून ठेवले, त्याच्या नावाने आज उपाशी व थकलेल्या माणसाला श्वासाकडे पाहण्यास सांगितले जाते. श्वासाकडे पाहणे वाईट नाही. प्रश्न क्रमाचा आहे. आळवीत जेवण आधी होते.

आजच्या ध्यानव्यापाराची पाळेमुळे शोधू गेल्यास ती नेहमीच व्यापारी होती असे दिसत नाही. १९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबाट-झिन यांनी जुनाट वेदनांनी ग्रस्त रुग्णांसाठी स्मृतीच्या अभ्यासाचा आठवड्यांचा वर्ग सुरू केला, तो रुग्णांचे हाल कमी व्हावेत म्हणून. रुग्णालयातून ही पद्धत कंपन्यांच्या कचेऱ्यांत गेली तेव्हा मात्र तिचा हेतू पालटला. रुग्णाच्या जागी कर्मचारी आला आणि वेदनेच्या जागी ‘कार्यक्षमता’ आली. व्याधीचे मूळ कचेरीच्या घड्याळात असताना औषध कर्मचाऱ्याच्या मनाला देण्यात येऊ लागले. वैद्यकाच्या भाषेत याला लक्षणांचा उपचार म्हणतात. बुद्धाच्या भाषेत तर हे दुसऱ्या आर्यसत्यालाच फाटा देणे होय. कारण तेथे दुःखाचे कारण शोधल्याशिवाय निरोधाकडे जाताच येत नाही.

बारा तासांचा दिवस

हे कारण शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर आणि दुकाने व आस्थापनांतील मर्यादा ९ वरून १० तासांवर नेण्यास मंजुरी दिली. कामगाराच्या लेखी संमतीशिवाय जादा काम घेता येणार नाही, असे समर्थन सरकारतर्फे करण्यात आले. ज्या माणसाची नोकरी मालकाच्या मर्जीवर आहे, त्याच्या संमतीला किती किंमत असते हे संघटनेत काम केलेल्या कोणासही सांगावे लागणार नाही. फणसवाडीच्या गुमास्त्याची स्थिती तर याहून वाईट आहे. जुन्या मुंबईत ‘गुमास्ता कायदा’ म्हणून ओळखला जाणारा १९४८ चा कायदा जाऊन २०१७ चा आला, तेव्हाच दहाहून कमी कामगार असलेली दुकाने त्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली. २०२५ च्या निर्णयाने ही मर्यादा वीसवर नेली. गिरगाव-भुलेश्वरच्या दुकानांत चार-पाच नोकर असतात. त्यांच्यासाठी तासांची मर्यादा नऊ की दहा, हा वादच उरलेला नाही.

मुंबईच्या कामगाराला रविवारची सुटी कोणी दिली, हे या संदर्भात आठवावे. ती कोणा ध्यानगुरूच्या कृपेने मिळाली नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली, सह्या गोळा केल्या, सभा भरवल्या आणि अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांना आठवड्याची सुटी मान्य करावी लागली. सिगालोवाद सुत्तातील पाचवे कर्तव्य मुंबईत कोणी अमलात आणले असेल, तर ते लोखंड्यांच्या आंदोलनाने. मालकाच्या अंतःकरणात करुणा उगवण्याची वाट पाहत कामगार बसले असते, तर आजही बसलेलेच असते.

आणि ज्या गिरण्यांतून ही लढत झाली, त्यांचे पुढे काय झाले? १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मिटलाच नाही. गिरण्या बंद पडत गेल्या, जमिनी मोकळ्या झाल्या. लालबाग-परळच्या आकाशात आज जे मनोरे दिसतात त्यांतील कित्येक त्या जमिनींवर उभे आहेत. अशा मनोऱ्याच्या प्रवेशदालनात पाण्याच्या कारंज्याशेजारी बुद्धाचे शिर बसवलेले असते आणि त्याच मनोऱ्यात घरकामाच्या बायकांना वेगळ्या लिफ्टने जाण्याची सूचना लावलेली असते. संघात शाक्य राजपुत्रांनी आपल्याआधी उपाली न्हाव्याला प्रव्रज्या देण्याची विनंती केली, ती अशासाठी की आपल्याला त्याला वंदन करावे लागावे आणि आपला शाक्यपणाचा ताठा उतरावा. या कथेची लिफ्टशी सांगड घालून पाहावी. म्हणजे दालनातील शिर कशासाठी आहे ते उमगते. ते उपालीच्या बुद्धाचे नाही. जातीविषयी मौन पाळणारा, कोणालाही अडचणीत न आणणारा, शोभेचा बुद्ध तेथे हवा असतो. ज्या बुद्धाच्या मागे निळा झेंडा आहे, तो त्या दालनात येऊ शकत नाही.

मानेखालची मूर्ती

आता मूर्तीविषयी. धार्मिक कलेचा विचार कामगार चळवळीचा विषय नव्हे, अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे. मूर्ती ही निरक्षरांची पोथी होय. ज्याला पाली येत नाही त्याला ती शिकवते. आणि बुद्धमूर्ती शिकवते ती मुख्यतः हातांनी. उजवा हात उंचावून तळवा समोर धरला की ती अभयमुद्रा: भिऊ नका. हात खाली सोडून तळवा समोर केला की वरदमुद्रा: देणे. दोन्ही हात छातीशी आणले की धर्मचक्रमुद्रा: शिकवणे. उजव्या हाताची बोटे जमिनीला लावली की भूमिस्पर्शमुद्रा: मारासमोर पृथ्वीला साक्षीस बोलावणे. निर्भयता, दान, अध्यापन आणि भूमीची साक्ष या चारही गोष्टी हातांत आहेत. चेहरा सर्व मुद्रांत जवळपास तसाच शांत असतो. तेव्हा हात काढून टाकून चेहरा तेवढा ठेवला की शांती उरते आणि ती कशासाठी होती याचा मागमूस उरत नाही.

शिर वेगळे करण्याच्या या रिवाजाचा जन्म कलेतून झालेला नाही, तो लुटीतून झाला आहे. जावामधील बोरोबुदुरच्या ५०४ बुद्धमूर्तींपैकी ३०० हून अधिक मूर्तींची मोडतोड झाली असून त्यांतील बहुतेकींना शिरच नाही. चीनमधील लोंगमेनच्या लेण्यांतून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात छिन्नीने शिरे तोडून पाश्चात्त्य संग्रहांकडे रवाना करण्यात आली, कारण आख्खी मूर्ती जहाजावर चढवण्यापेक्षा शिर नेणे सोपे होते. वसाहतवादाच्या या सोयीतून एक अभिरुची तयार झाली आणि आज ती साच्यातून ओतून विकली जाते. लुटीत मूर्ती तरी मुळात अखंड होती. आताची शिरे जन्मतःच धडाविना आहेत.

याउलट ज्या लेण्यांचा महाराष्ट्राला अभिमान वाटतो, ती कोणी घडवली? राजांनी आणि व्यापाऱ्यांनी दाने दिली हे खरे. पण शिलालेखांत हातांनी काम करणारेही आहेत. कार्ल्याच्या चैत्याच्या दारावर धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे नाव आहे. कान्हेरीत कल्याणच्या एका लोहाराचे दान नोंदलेले आहे. जुन्नरच्या लेखात बांबूकाम करणाऱ्यांची आणि कासारांची श्रेणी दिसते. कान्हेरीच्या तिसऱ्या लेण्याच्या व्हरांड्यात जे दोन भव्य बुद्ध उभे आहेत त्यांना पाय आहेत, हात आहेत आणि हात देण्याच्या मुद्रेत आहेत. त्याच डोंगरात अवलोकितेश्वराचे जे शिल्पपट आहेत, त्यांत तो कोणाला तारतो? बुडत्या जहाजातील प्रवासी, आगीत सापडलेला, चोरांनी गाठलेला, बेड्या पडलेला कैदी. भक्तिकलेतील करुणा तेथे फार स्पष्टपणे संकटात सापडलेल्या माणसांकडे वळलेली आहे. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी नालासोपाऱ्याच्या स्तूपातून काढलेल्या आठ बुद्धांच्या कांस्यमूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. फणसवाडीतून टाऊन हॉलपर्यंत चालत जाता येते. किती पक्षकार्यकर्ते तेथवर गेले असतील?

समाजवाद्यांची अनास्था

या प्रश्नापाशी टीकेचा रोख स्वगृहाकडे वळवणे भाग आहे. ध्यानाची थट्टा करणे आणि विहाराकडे फिरकू नये हे पुरोगामित्वाचे लक्षण समजणे, असा एक परिपाठ डाव्या वर्तुळात पडून गेला आहे. दारू सुटावी म्हणून शिबिराला जाऊन आलेल्या कामगाराला ‘आता मालकाशी भांडणे सोडलेस काय’ असे विचारणारे कार्यकर्ते थोडे नाहीत. त्या कामगाराची दारू कमी झाली असेल, तर घरात वेतन पोचले, बायको-मुलांचा मार वाचला. चळवळीने त्याला हे दिले नव्हते. ज्याने दिले त्याची थट्टा करण्याचा अधिकार चळवळीला कोठून आला?

काँग्रेस समाजवादी पक्षाच्या १९३४ च्या स्थापनेतील अग्रणी आचार्य नरेंद्र देव यांना अशी अनास्था ठाऊक नव्हती. मार्क्सवादी असलेल्या या नेत्याने १९४२ ते १९४५ या काळात अहमदनगरच्या किल्ल्यातील बंदिवासात अभिधर्मकोशाच्या हिंदी भाषांतराचे काम केले. त्यांचा ‘बौद्ध धर्म दर्शन’ हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५६ साली निघाला आणि १९५७ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आज समाजवादी म्हणवणाऱ्यांपैकी किती जणांनी त्याचे पान उलटले आहे? धर्मानंदांचे चिरंजीव दामोदर कोसंबी यांनी मार्क्सच्या पद्धतीने इतिहास लिहिताना लेणी आणि व्यापारी मार्ग यांचा संबंध पायी हिंडून तपासला. त्यांना बौद्ध परंपरा हा वगळण्याजोगा विषय वाटला नाही.

बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. शोषणाचे निवारण हे ध्येय दोघांनाही समान, मतभेद हिंसा आणि हुकूमशाही या साधनांबाबत, असे त्यांचे प्रतिपादन होते. भिक्षूला तीन चीवरे, कमरपट्टा, भिक्षापात्र, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचे फडके एवढ्याच वस्तू बाळगता येतात. खाजगी मालमत्तेचा त्याग बुद्धाने संघात हुकूमशाहीवाचून घडवला, हे त्यांनी दाखवून दिले. लोकशाही समाजवादाची याहून जवळची तात्त्विक सोयरीक भारतीय परंपरेत दुसरी कोणती आहे?

येथे आंबेडकरी चळवळीतून येणारा एक आक्षेप नोंदवला पाहिजे. ध्यानामुळे तरुण रस्त्यावरच्या लढ्यापासून दूर जातो, असे अनेक जण म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. दुःखाचे कारण केवळ व्यक्तीच्या तृष्णेत शोधले, तर अत्याचार सोसणाऱ्यालाच अपराधी ठरवण्यासारखे होते. म्हणूनच चार आर्यसत्यांच्या रूढ मांडणीविषयी बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभी शंका उपस्थित केली. परंतु नागपूरच्या बावीस प्रतिज्ञांत त्यांनीच अष्टांग मार्ग समाविष्ट केला, आणि तो आठही अंगांसह. ध्यान टाकून द्यावे हा त्याचा अर्थ नव्हे. ध्यान एकटे सोडू नये, हा आहे. लढणाऱ्याला स्थिर चित्ताची गरज नसते, असे तुरुंग भोगलेला कोणीही म्हणणार नाही.

काय करता येईल

उपाय फार खर्चाचे नाहीत. महाराष्ट्रातील शाळांतून ‘मित्र उपक्रम’ या नावाने मुलांना आनापानाचा, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याचा अभ्यास शिकवण्यात आला आहे. त्यास विरोध करण्यापेक्षा, त्याच मुलांना आळवीच्या शेतकऱ्याची आणि उपाली न्हाव्याची गोष्टही सांगितली जावी, असा आग्रह शिक्षक संघटनांनी धरावा. पक्षाच्या अभ्यासवर्गांत सिगालोवाद आणि कूटदन्त ही सुत्ते मराठीत वाचली जावीत. कोसंबी आणि नरेंद्र देव यांचे ग्रंथ शाखांच्या कपाटांत असावेत. वर्षातून एकदा कार्यकर्त्यांची सहल कान्हेरीला न्यावी आणि तेथे शिलालेखातील लोहाराचा उल्लेख दाखवावा. बीडीडी चाळींतील विहारांत नव्या वस्तीत जाताना काय जपावे याची चर्चा होते, तेव्हा समाजवाद्यांनी पाहुणे म्हणून नव्हे, शेजारी म्हणून हजर राहावे.

आणि सर्वांत आधी, दहा-वीस कामगारांच्या दुकानांतील नोकरांची संघटना बांधावी. कायद्याने ज्यांना वाऱ्यावर सोडले त्यांच्यासाठी कामाचे तास, आजारपणाची रजा आणि साप्ताहिक सुटी या तीन मागण्यांचे पत्रक काढावे. त्या पत्रकाच्या माथ्यावर सिगालोवादातील मालकाची पाच कर्तव्ये छापावीत. दुकानात उदबत्ती लावणाऱ्या, गल्ल्याशेजारी बुद्धाचे शिर ठेवणाऱ्या मालकाला ती वाचून दाखवावीत आणि विचारावे, की या गुरूचे म्हणणे आपणास मान्य आहे काय.

रात्री नऊला फणसवाडीतून निघालेला गुमास्ता सात वाजता निघू लागला, तर चर्नी रोडच्या बागेत बसून पुस्तक वाचण्याइतका वेळ त्याला मिळेल. केळुसकरांच्या काळी ती बाग विद्यार्थ्याला उपयोगी पडली होती. पुन्हा पडू शकेल. त्यासाठी लागणारे दोन तास मात्र कोणत्याही ध्यानवर्गात मिळत नाहीत. ते मालकाकडून घ्यावे लागतात.